‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी

प्रति,
ज्यांच्या शब्दाने मीटिंग सुरू होते आणि ज्यांच्या शब्दाने संपते, अशा सर्व गटप्रमुखांना, प्रकल्पप्रमुखांना, विभागप्रमुखांना आणि समित्यांच्या अध्यक्षांना

सप्रेम नमस्कार.

गेली सतरा वर्षं मी बैठकांची इतिवृत्तं लिहिते आहे. टेबलाच्या टोकाला, दाराजवळच्या खुर्चीत वही घेऊन बसलेली असते ती मी. मला बोलायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं. त्यामुळे खोलीत जे बोललं जातं ते तर मला ऐकू येतंच, पण जे ओठांवर येऊन परत जातं तेही दिसतं. कोणी वही उघडून पुन्हा मिटतं, कोणी बोलण्यासाठी श्वास घेतं आणि तसाच सोडून देतं, कोणी समोरच्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावतं. यातलं काहीच इतिवृत्तात येत नाही. इतिवृत्तात एकच शब्द येतो: सर्वानुमते. हा शब्द मी आजवर शेकडो वेळा लिहिला असेल. त्यातल्या किती वेळा तो खरा होता, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे पत्र.

एक बैठक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जुन्या प्रणालीतल्या सगळ्या नोंदी नव्या प्रणालीत न्यायच्या होत्या आणि त्याची तारीख पक्की करायची होती. खोलीत आम्ही अकरा जण. आमच्या प्रमुखांनी बसताबसताच सांगितलं, “महिनाअखेरीला आपण नव्यावर जातोय. जमेलच.” मग एकेकाने आपापली तयारी सांगितली. माझ्या शेजारी नोंदी पडताळणारी मुलगी बसली होती. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. तिच्यापुढे एक छापील यादी होती आणि यादीतल्या ओळींवर पिवळ्या खुणा होत्या, बऱ्याच ओळींवर. “कोणाला काही शंका?” प्रमुखांनी विचारलं. तिने यादी सरळ केली, पेनाचं टोपण काढलं, मान वर केली. तेवढ्यात ते म्हणाले, “नाही ना? छान. मग ठरलं.” तिने टोपण परत लावलं. मी लिहिलं: महिनाअखेरची तारीख सर्वानुमते निश्चित.

खाली उतरताना जिन्यात ती मला म्हणाली, “ताई, त्या तारखेला नाही हो होणार. जुन्या नोंदींतली नावं आणि क्रमांक जुळतच नाहीयेत. मी खुणा करून आणल्या होत्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“सरांनी आधीच सांगितलं ना, जमेल म्हणून.”

एवढंच. तिला कोणी धाक घातलेला नव्हता. आमचे प्रमुख मुळात भला माणूस, कोणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. तरीही नवी प्रणाली सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ती बंद करून जुन्यावर परत यावं लागलं. पुढचे तीन आठवडे सगळ्यांनी रात्र रात्र बसून नोंदी हाताने जुळवल्या. त्यानंतरच्या बैठकीत प्रमुखांनी विचारलं, अगदी कळवळून विचारलं, “हे आधी मला कोणी सांगितलं का नाही?” खोली पुन्हा गप्प. मीही गप्प. मला तर जिन्यातलं सगळं माहीत होतं. ते ओझं माझ्या मनावर अजून आहे.

तेव्हापासून मी एक गोष्ट लक्ष देऊन पाहत आले आहे. प्रत्येक गटाच्या दोन बैठका होतात. एक खोलीत, दुसरी जिन्यात. खोलीत होकार मिळतात, जिन्यात खरं बोललं जातं. या दोन बैठकांत जितकं अंतर जास्त, तितका तो गट कमजोर, मग त्यात कितीही हुशार माणसं असोत. माझी तुमच्याकडे मागणी एकच आहे: जिन्यात होणारी बैठक खोलीत आणा. ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “मी कुठे कोणाचं तोंड धरलंय? ज्याला बोलायचं त्याने बोलावं.” मला हे मनापासून पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी एक प्रसंग आठवावा लागेल. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली तेव्हा पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान त्याच धावपट्टीवर होतं. कारणं अनेक होती: धुकं, रेडिओवर एकमेकांत मिसळलेले संदेश, आधीच झालेला उशीर. पण कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात एक जागा अशी आहे की ती वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. विमान वेग घेत असताना फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन ॲम अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं की झालंय. इंजिनिअर पुन्हा काही बोलला नाही. कॅप्टन त्या कंपनीतले अतिशय ज्येष्ठ प्रशिक्षक होते. इंजिनिअरचं तोंड कोणीही धरलेलं नव्हतं. त्याने शंका काढली होती, पण प्रश्नाच्या मऊ कापडात गुंडाळून. आणि वरून खात्रीचा शब्द आल्यावर ती शंका तिथेच मिटली.

विमानवाहतुकीने यातून जो धडा घेतला, तो तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. १९७९ मध्ये नासाने अशा अपघातांवर कार्यशाळा घेतली आणि त्यातून पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. त्यात कनिष्ठांना शंका ठाम शब्दांत आणि गरज पडल्यास पुन्हा मांडायला शिकवलं गेलं, आणि सोबत कॅप्टनलाही ती मागायला, ऐकायला शिकवलं गेलं. ‘बोला’ असं खालच्यांना सांगणं हे अर्धंच काम आहे. बोलणं सोपं होईल अशी व्यवस्था करणं हे उरलेलं अर्धं, आणि ते ज्याच्या हातात सूत्रं आहेत त्यालाच करावं लागतं.

सगळ्यात आधी क्रम बदला. तुमचं मत शेवटी सांगा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मी जे पाहिलं त्यात याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं होतं. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. पण खोलीतल्या बाकीच्यांनी, जे प्रयोगकर्त्याने सांगून ठेवलेले होते, चुकीचं उत्तर दिलं की चारांतल्या तीन जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांसमोरचं सोडून बाकीच्यांची री ओढली. आणि त्या गटात एक जरी माणूस खरं उत्तर देणारा असला, की ही री ओढणं एकदम कमी झालं. रेघांच्या बाबतीत अनोळखी माणसांपुढे जर असं होतं, तर ज्याच्या सहीने आपलं मूल्यमापन होतं त्याने “जमेलच” म्हटल्यावर काय होईल? अनेक लष्करी न्यायालयांत मतं विचारताना सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करायची जुनी रीत आहे. हुद्द्यांची उतरंड जिथे सर्वांत कडक, तिथल्या लोकांना हे कळलं होतं की वरिष्ठाचा शब्द आधी पडला की खालच्यांची मतं उरत नाहीत.

दुसरं, बोलायच्या आधी लिहू द्या. आपल्याकडे दहा डोकी एकत्र बसली की आपोआप कल्पना सुचतात असा समज आहे. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ची पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने लोकप्रिय केली आणि गटात माणसाला जास्त सुचतं असं त्याचं ठाम म्हणणं होतं. १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं गेलं. चार जणांचा गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चार जणांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबण्यात सुचलेलं निसटून जातं. टेबलाच्या टोकावरून मला हे रोज दिसतं. आपली पाळी येईपर्यंत माणूस आपलं वाक्य मनात धरून बसतो, समोरच्याचं ऐकतच नाही, आणि पाळी येते तेव्हा विषय पुढे गेलेला असतो.

याचा अर्थ एकत्र बसू नये असा नाही. एकत्र बसा, पण पहिली पाच मिनिटं कोणी बोलू नका. प्रत्येकाला कोरा कागद द्या. प्रश्न एकच, तोही फळ्यावर लिहिलेला. पाच मिनिटांनी टेबलाभोवती फिरत प्रत्येकाकडून एकेकच मुद्दा घ्या आणि तो त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. कागद संपेपर्यंत फेऱ्या चालू ठेवा. सगळं फळ्यावर येईपर्यंत वाद नाही, शाबासकीही नाही. शाबासकीवर मी मुद्दाम भर देते, कारण तुम्ही एका मुद्द्याला “वा!” म्हणालात की पुढचे तीन मुद्दे त्याच दिशेने वळतात. मग चर्चा, आणि शेवटी प्रत्येकाने गुपचूप पसंतीक्रम लिहून द्यायचा. डेलबेक आणि व्हॅन द व्हेन यांनी १९७० च्या सुमारास ही पद्धत बांधून दिली. तिला खर्च काहीच नाही. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा एरवी दोन वाक्यांच्या वर न बोलणाऱ्या गृहस्थांच्या कागदावर सात मुद्दे निघाले. त्यातले दोन दुसऱ्या कोणाकडेच नव्हते.

दुसऱ्या कोणाकडेच नसलेल्या मुद्द्यांवर जरा थांबायला हवं. त्या मुलीच्या यादीतल्या पिवळ्या खुणा फक्त तिला माहीत होत्या. बैठकीत बाकी सगळ्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होतं. गटांचं हे दुखणं स्टेसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये नेमकं दाखवलं. गटातल्या प्रत्येकाला थोडी माहिती समान आणि थोडी फक्त त्याच्यापुरती दिली, तर चर्चा समान माहितीभोवतीच फिरत राहते, आणि ज्या तुकड्यांनी निर्णय फिरला असता ते तुकडे ज्याच्या त्याच्या खिशात राहतात. मग एवढी माणसं बोलावली कशाला? सगळ्यांना माहीत असलेलं पुन्हा सगळ्यांना सांगायला? म्हणून “काही शंका?” हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर ‘नाही’ हेच असतं, ते त्याच्या चालीतच आहे. त्याऐवजी नाव घेऊन, कामावर बोट ठेवून विचारा: “पडताळणीच्या बाजूने पाहिलं तर यात सगळ्यात कच्चं काय आहे?” किंवा, “समजा हे काम सहा महिन्यांनी पार फसलंय. का फसलं असेल? प्रत्येकाने एक कारण लिहा.” गॅरी क्लाइन यांनी सुचवलेला हा दुसरा प्रश्न मला फार आवडतो. कारण यात शंका काढणारा माणूस खोडा घालणारा ठरत नाही. त्याला शंका काढायचंच काम दिलेलं असतं.

आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असं त्यांना दिसलं. ते तीन सेकंद थांबायला लागले की मुलांची उत्तरं मोठी झाली, न बोलणारी मुलंही बोलू लागली. आमच्या प्रमुखांच्या “कोणाला काही शंका?” आणि “नाही ना?” यांच्यात एक सेकंद होता. टोपण काढून मान वर करायला दोन लागतात. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला खुपेल, बाकीच्यांना त्यात विचार करायला जागा मिळते.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते. पहिली वाईट बातमी येते तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो, यावर पुढच्या सगळ्या बातम्या ठरतात. हे मी रूपकाने बोलत नाही. एखादा माणूस “एक अडचण आहे” म्हणतो त्या क्षणी खोलीतली प्रत्येक नजर त्याच्यावरून तुमच्याकडे वळते. तुम्ही घड्याळ पाहिलंत, सुस्कारा टाकलात, “आत्ता सांगताय?” म्हणालात, तर ते बोलणाऱ्याला एकट्याला ऐकू जात नाही, अकरा जणांना ऐकू जातं. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आधी उलटंच चित्र दिसलं: ज्या विभागांचं नेतृत्व चांगलं, तिथे औषधांच्या चुका जास्त. १९९६ मध्ये त्यांनी याचा उलगडा मांडला. त्या विभागांत चुका जास्त होत होत्या असं त्यातून दिसत नव्हतं, तिथे चुका सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या विभागांत त्या झाकल्या जात होत्या. याच धाग्यावरून पुढे १९९९ मध्ये त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना गटांच्या संदर्भात मांडली: इथे बोललो तर आपली शोभा होणार नाही, शिक्षा होणार नाही, ही गटातल्या सर्वांची खात्री. तेव्हा ज्या टीमचे अहवाल महिनोन्‌महिने स्वच्छ येतात, त्या टीमबद्दल आधी काळजी करा.

मात्र या सुरक्षिततेचा अर्थ गुळगुळीत बोलणं असा कोणी घेऊ नये. सगळे सगळ्यांना “छान, छान” म्हणतात ती खोली सुरक्षित नाही, तिथे तर खरं बोलायची सर्वांत जास्त भीती असते. जिथे दोन माणसं कामावरून कडकडून भांडतात आणि बाहेर पडताना एकमेकांसाठी दार धरून उभी राहतात, ती खोली मला सुरक्षित वाटते. अशा दोन-तीन खोल्यांची इतिवृत्तं मी लिहिली आहेत. ती लिहिताना हात दुखतो, पण ‘सर्वानुमते’ लिहिताना मन खात नाही.

बोलके लोक हा वेगळा विषय आहे. एकदा मी समासात खुणा करत गेले, कोण किती वेळा बोललं याच्या. बैठक संपली तेव्हा तीन नावांपुढे खुणांच्या रांगा आणि चार नावांपुढे कोरी जागा. मी तो कागद प्रमुखांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले, कारण सर्वांत लांब रांग त्यांच्या नावापुढे होती. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६९९ माणसांचे छोटे गट करून त्यांना निरनिराळी कामं दिली. गट किती चांगलं काम करतो याचा सदस्यांच्या सरासरी बुद्ध्यंकाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो बोलण्याच्या पाळ्या किती समान वाटल्या गेल्या याच्याशी, आणि समोरच्याच्या मनातलं ओळखण्याच्या क्षमतेशी. बोलक्या माणसाला गप्प करू नका, त्याचा अपमान होईल आणि त्याच्याकडेही सांगण्यासारखं असतंच. “तुमचा मुद्दा फळ्यावर आला, आता ज्यांचा अजून आला नाही त्यांचा घेऊ,” एवढं पुरतं.

न बोलणाऱ्यांच्या बाबतीत एक चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका गटाच्या बैठका चालवायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, आता मी कोणालाच गप्प बसू देणार नाही. पहिल्याच दिवशी एका अबोल सहकाऱ्याला मी सगळ्यांसमोर म्हटलं, “तुम्ही काहीच बोलला नाहीत, सांगा ना.” त्यांचा चेहरा उतरला. कसेबसे दोन शब्द बोलले आणि पुढच्या दोन बैठकांना आलेच नाहीत. मी त्यांना आवाज द्यायला गेले आणि कोंडीत पकडलं. नंतर मी विषय त्यांना आदल्या दिवशी पाठवू लागले. बैठकीत त्यांनी लिहून आणलेला कागद असायचा, आणि पहिल्या फेरीत मी त्यांचं नाव तिसरं-चौथं घ्यायचे, पहिलं नाही आणि शेवटचंही नाही. हळूहळू ते बोलू लागले. काही जण कधीच फार बोलणार नाहीत. त्यांचं कागदावर आलं तरी ते आलंच.

बैठकीच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा: निर्णय कोणाचा आहे. तुम्ही आधीच ठरवलेलं असेल तर तसं सांगा, “हे ठरलंय, कसं करायचं ते बोलू.” तुम्ही मतं ऐकून स्वतः ठरवणार असाल तर तेही सांगा. गटाने ठरवायचं असेल तर मग खरंच गटाला ठरवू द्या. या तिन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. पण ठरलेल्या गोष्टीवर मतं मागणं लोकांच्या जिव्हारी लागतं. तासभर जीव ओतून बोलल्यावर जेव्हा कळतं की आदेशाचा कागद आधीच तयार होता, तेव्हा माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही, आणि त्याचं चुकत नाही.

कामाच्या वाटपाकडे वळते, कारण बैठक चांगली झाली तरी घोडं पुष्कळदा इथे पेंड खातं. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसं एकेकटी आणि गटाने ओढकाम करताना किती जोर लावतात हे मोजलं. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघे असले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या मानाने ९३ टक्के, चौघे असले की ७७, आणि आठ जण असले की ४९ टक्के. थोडा जोर एकमेकांशी ताल न जुळल्याने जातो हे खरं. पण १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागे बाकीचे ओढताहेत असं नुसतं भासवलं, तरीही ओढणाऱ्याचा जोर कमी झाला. पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं की आपला वाटा वेगळा मोजला जाणार हे माणसाला कळलं, की ही ढिलाई जवळजवळ नाहीशी होते.

मी इतिवृत्त लिहिणारी, म्हणून माझ्यापुरतं याचं रूप सांगते. ‘संबंधितांनी कार्यवाही करावी.’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल! संबंधित म्हणजे कोण? पुढच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहतात. तिथे आळशी असं कोणी नसतं. प्रत्येकाला वाटलेलं असतं की दोर दुसरा ओढतोय. म्हणून आता मी विचारते: कोण, काय, कधीपर्यंत. एका कामापुढे एकच नाव. दोन नावं आली तर त्यातलं पहिलं कोणाचं, हे विचारते. सुरुवातीला लोकांना हा काच वाटला. नंतर त्यांच्या लक्षात आलं की नाव लागलं की काम आपलं होतं आणि झाल्यावर त्याचं श्रेयही आपल्याच नावावर पडतं.

संख्येबद्दल थोडक्यात. पाच माणसांत दोघादोघांचे दहा दुवे होतात, दहांत पंचेचाळीस, पंधरांत एकशे पाच. प्रत्येक दुवा म्हणजे एक संभाव्य गैरसमज. काम अडलं की माणसं वाढवायची आपली सवय आहे, तिला आवर घाला. ज्यांना फक्त कळवायचं आहे त्यांना इतिवृत्त पाठवा, बैठकीला बसवू नका.

शेवटची हरकत मला ठाऊक आहे, वेळ नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी तरी वेळ कुठे असतो? तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत पहिला छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आल्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदा नाव उच्चारलेला माणूस पुढे गरज पडली तर बोलतो, असं त्यामागचं एक साधं तर्कशास्त्र आहे. पण याची दुसरी बाजूही सांगते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत यादी लागू केल्यावर लक्षणीय फरक पडला नाही, असं २०१४ मध्ये दिसलं. त्यामागच्या कारणांवर तज्ज्ञांत वाद आहे. मला त्यात माझी नेहमीची बैठक दिसते. खुणा करायच्या म्हणून खुणा करता येतात, फेरी घ्यायची म्हणून फेरी घेता येते, आणि ऐकणारा मनाने तिथे नसेल तर लोकांना ते लगेच कळतं. मी वर सांगितलेल्या युक्त्यांचंही तसंच होऊ शकतं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तरच त्या चालतात.

त्या पिवळ्या खुणा करणारी मुलगी आता दुसरीकडे स्वतःची टीम सांभाळते. मागे तिचा फोन आला होता. म्हणाली, “ताई, मी तारीख कधी आधी सांगत नाही. आधी सगळ्यांचे कागद उलटे टेबलावर ठेवायला लावते, मग एकेक वाचते. माझा सर्वांत शेवटी.” मी विचारलं, वेळ लागत असेल ना? म्हणाली, वीस मिनिटं. तीन आठवड्यांच्या रात्री आम्हा दोघींनाही आठवत होत्या, त्यामुळे पुढे त्यावर काही बोलायची गरज पडली नाही.

माझ्याकडून मीही एक ठरवलं आहे, ते तुमच्या कानावर घालते. यापुढे तुम्ही “ठरलं” म्हणालात की मी लगेच लिहिणार नाही. पेन वहीवर आडवं ठेवीन आणि टेबलाभोवती एकदा नजर फिरवीन. माझं पेन आडवं दिसलं, तर कृपा करून माझ्या शेजारच्या खुर्चीकडे वळा, आणि तिथे जो कोणी बसला असेल त्याला विचारा, “तुझ्या कागदावर काय आहे?”

आपली,
इतिवृत्त लिहिणारी